रूम थ्रीचे टिपणीस

आमचे शेजारी हेमंत टिपणीस यांना आइस हॉकीतला एक पराभव अजून सहन होत नाही. तो विषय निघाला की त्यांचा आवाज बसतो, चष्मा काढून ते शर्टाच्या टोकाने पुसतात आणि म्हणतात, "डॉक्टर, आपण ती मॅच घालवली. हातात होती आणि घालवली." यात अडचण एवढीच, की ती मॅच झाली तेव्हा टिपणीस साताऱ्यात चौथीत होते, आणि 'आपण' म्हणजे ज्यांना म्हणायचं ते लोक समुद्रापलीकडे, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या एका सफरचंदांच्या गावात होते. बर्फावर नीट उभं राहणं टिपणीसांना आजही जमत नाही.

समोर मी त्याला अहो-जाहो करतो, मनात अरे-तुरे. इथे मनातलंच लिहिणार आहे, तेव्हा यापुढे 'तो'.

आमचं गाव लहान. तूरडाळ संपली तर टूवूंबा शहरापर्यंत गाडी हाणावी लागते. या गावात मी आठ-नऊ वर्षं डॉक्टर आहे. निम्म्या गावाचे घसे मी पाहिलेत, उरलेल्या निम्म्याचे गुडघे. पण एवढ्या वर्षांत गावाने मला एक साधं टोपणनाव दिलेलं नाही. 'डॉक्टर' म्हणतात, तेही अदबीने, जरा लांबून. टिपणीस इथल्या कोल्ड स्टोअरवर रेफ्रिजरेशन इंजिनिअर म्हणून आला आणि महिन्याभरात 'टिप' झाला. बेकरीतली बाई त्याच्यासाठी शेवटचा बन बाजूला काढून ठेवते. माझे पेशंट जीभ बाहेर काढता काढता म्हणतात, "यू मस्ट नो टिप! ग्रेट ब्लोक!" म्हणजे लाख माणूस. मी जीभ लाकडी पट्टीने दाबतो, जरुरीपेक्षा किंचित जास्त.

हे सगळं त्या टीममुळे. टीमचं नाव रूम थ्री. फार वर्षांपूर्वी कोल्ड स्टोअरच्या तीन नंबरच्या खोलीत पाइप गळला, फरशीवर पाणी साचलं आणि गोठलं. सकाळी सफरचंदाचे खोके हलवायला गेलेले कामगार आधी पडले, मग हसले आणि मग झाडू घेऊन बूटपॉलिशची डबी इकडून तिकडे ढकलायला लागले. त्यांच्यात एक कॅनडातून आलेला होता, त्याने नियम सांगितले. पुढे स्केट आले, काठ्या आल्या, डबीच्या जागी रबराची चकती आली. तिला पक म्हणतात. आमच्या गावाला लागूनच राज्याची सीमा आहे आणि तिच्या पलीकडे, न्यू साउथ वेल्समधल्या गावात, मांसाचं कोल्ड स्टोअर आहे. ईर्ष्येने त्यांनीही टीम काढली. तेव्हापासून दर हिवाळ्यात सफरचंद विरुद्ध मांस असा सामना होतो आणि गाव त्या आठवड्यात दुसरं काही बोलत नाही.

खोलीच्या मधोमध एक लोखंडी खांब आहे. छत त्याच्यावर उभं असल्यामुळे तो काढता येत नाही. म्हणून त्याला गादी गुंडाळलीय आणि वर टीमची जर्सी चढवलीय. पक खांबाला लागून गोलमध्ये गेला तर तो गोल खांबाच्या नावावर. टिपणीसच्या मते खांब हा रूम थ्रीचा आजवरचा सर्वांत शांत डोक्याचा खेळाडू आहे.

हा इतिहास गावातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यांत तुकड्यातुकड्यांनी पडून होता. टिपणीसने रूम थ्रीतला बर्फ करता करता तो गोळा केला. बर्फ करण्याचं त्याचं एक तत्त्वज्ञान आहे. "बर्फ ओतायचा नसतो डॉक्टर, चढवायचा असतो. पातळ थरावर पातळ थर. घाई केली की तडा." म्हातारे बाकावर बसून त्याचे थर बघायचे, आणि बघता बघता बोलायचे. हंगामाच्या शेवटी पबमध्ये टिपणीसने त्यांचीच गोष्ट त्यांना सांगितली, तर ज्यांनी ती मॅच खेळली होती तेच डोळे पुसायला लागले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! मी कोपऱ्यात लेमोनेड पीत बसलो होतो. माझ्या पोटात दुखत होतं, आणि या दुखण्यावर मी कुणाला गोळी देत नाही.

मीसुद्धा एकदा प्रयत्न केला. स्केट चढवले, बर्फावर पाऊल टाकलं आणि जो सुटलो तो थेट खांबाला जाऊन बिलगलो. टिपणीसने त्या वर्षीच्या भाषणात माझा उल्लेख केला. "रूम थ्रीच्या इतिहासात बाहेरच्या माणसाने खांबाला मारलेली सर्वांत प्रामाणिक मिठी." लोक टाळ्या पिटत होते. बाहेरच्या माणसाने! हा इथे येऊन धड तीन हिवाळे झाले नव्हते, आणि बाहेरचा मी.

मग करोना आला. टिपणीसची बायको मंजिरी आणि मुलगी इरा त्याआधी थोडे दिवस मंजिरीच्या बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेल्या होत्या. ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली आणि त्या तिकडेच राहिल्या. यांचा व्हिसा तात्पुरता. परत यायचं तर सरकारची खास परवानगी हवी. टिपणीस अर्ज करायचा, नकार यायचा, पुन्हा अर्ज करायचा. विचारलं तर म्हणायचा, "मजेत आहेत हो! आंबे हादडतायत. मलाच बोलवत नाहीत."

"बघ जरा त्यांच्याकडे," माझी बायको वृंदा मला म्हणायची. "एवढं होऊनही माणूस हसतमुख आहे. तू सकाळी पेपर उशिरा आला तरी घर डोक्यावर घेतोस." म्हणजे दुःखातही हा माझ्या पुढे.

हिवाळा आला तेव्हा राज्याची सीमाही बंद झाली. रस्त्यावर केशरी प्लास्टिकचे अडथळे लागले, मांसवाले पलीकडे, सफरचंदवाले अलीकडे. सामना रद्द. रूम थ्रीला कुलूप. मी दिवसभर खोकणारे पेशंट तपासायचो, त्यामुळे आमच्याकडे कुणी पाऊल टाकायचं नाही असा मीच नियम केला होता. टिपणीसने त्यातून वाट काढली. आमच्या दोघांच्या मध्ये लाकडी कुंपण आहे, चांगलं पुरुषभर उंच. रोज संध्याकाळी, आमच्या स्वयंपाकाच्या वेळी, तो पलीकडे सफरचंदाच्या खोक्यावर चढायचा आणि त्याचं डोकं कुंपणावर उगवायचं.

"डॉक्टर, आपण कुठे होतो?"

मी कोथिंबिरीला पाणी घालायला आलेला असायचो. आपण कुठेच नव्हतो. पण टिपणीस पहिल्या मॅचपासून क्रमाने सुरू झाला होता. आइस हॉकीत तीन डाव असतात, त्यांना पिरियड म्हणतात. टिपणीस दोन सांगायचा. बरोबरी झालेली, गोलकीपरचं नाक फुटलेलं, आणि हा चष्मा पुसायचा. "दुसरा पिरियड संपला. बाकी उद्या." की डोकं खाली.

माझा तिळपापड व्हायचा. त्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून वृंदा ओरडायची, "अहो भावोजी, असं काय! जिंकलो की नाही?" जिंकलो! हीसुद्धा! माझ्या गोष्टी तिने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ऐकायच्या बंद केल्या, आणि याच्या खांबापायी एकदा फोडणी जळली. त्यावरून आमचं भांडण झालं, कुकरच्या शिट्ट्यांवर आवाज चढवून. टिपणीस मात्र त्या दिवशी खोक्यावरून लवकर उतरला नाही.

पुढे पुढे मॅच जरा फारच रंगायला लागल्या. एका मॅचमध्ये खांबाने तीन गोल केले. दुसरीत मांसवाल्यांच्या कॅप्टनच्या मिशा गोठल्या आणि त्याला ओरडताच येईना, म्हणून ते हरले. मला वास यायला लागला. त्यातच एका संध्याकाळी खोक्यावरून उतरताना टिपणीस म्हणाला, "उद्यापासून दुष्काळाच्या वर्षीची मॅच." योगायोगाने दुसऱ्याच दिवशी नेव्हिल क्लिनिकमध्ये आला. नेव्हिल म्हणजे रूम थ्रीचा सर्वांत जुना गोलकीपर, आता काठी घेऊन चालतो. त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधता बांधता मी सहज विचारलं, "नेव्हिल, दुष्काळाच्या वर्षीची मॅच फार गाजली म्हणे?"

"मॅच? देअर वॉज नो टीम दॅट इयर, मेट," नेव्हिल म्हणाला. सफरचंदं आलीच नव्हती. कोल्ड स्टोअर बंद. बर्फ कुठला आणि हॉकी कुठली!

बीपी नेव्हिलचं घेत होतो, पण खरं तर त्या क्षणी माझं घ्यायला हवं होतं. इतका आनंद मला एमडी झाल्यावरही झाला नव्हता. इतिहासकार थापा मारतो! गावाचा लाडका टिप थापाड्या आहे!

संध्याकाळी मी आधीच जाऊन कुंपणाशी उभा राहिलो. टिपणीस त्या दिवशी उशिरा उगवला. "तर डॉक्टर, दुष्काळाच्या वर्षीची मॅच," त्याने सुरुवात केली. मी त्याला पूर्ण दोन पिरियड खेळू दिले. त्याने चष्म्याला हात घातला तेव्हा म्हणालो, "टिपणीस, त्या वर्षी टीमच नव्हती."

तो दचकेल असं मला वाटलं होतं. तो दचकला नाही.

"नेव्हिल?"

"नेव्हिल."

"खरा इतिहास मागेच संपला, डॉक्टर. एवढीशी टीम, किती दिवस पुरणार? रोज अर्धा अर्धा करून वापरला, तरी संपला."

"मग हे कशासाठी?"

त्याने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत वृंदा भांडी आदळत होती.

"माझ्या घरात या वेळेला नुसता फ्रिज वाजतो. माझं कामच ते, त्यातला एकेक आवाज मला कळतो. तुमच्याकडे कुकर होतो, फोडणी पडते. वहिनी तुम्हाला बोलतात, तुम्ही उलट बोलता. मंजिरीचं आणि माझं अगदी असंच चालायचं. पण दुसऱ्याच्या भिंतीशी नुसतं येऊन कसं उभं राहणार? बरं दिसत नाही. काही सांगत असलं की उभं राहता येतं."

तो चष्मा पुसत राहिला.

"आज परत नकार आला. इराला सांगितलं. तिने फोनवर पाय दाखवला. तिचे स्केट आहेत ना इथे, ते आता व्हायचे नाहीत म्हणाली. नवे घेऊ का विचारलं, तर म्हणते, 'आत्ता नको बाबा, येईपर्यंत अजून वाढेन.'"

चष्मा डोळ्यांवर चढवून तो म्हणाला, "खरं सांगू, डॉक्टर? मला तुमचा फार हेवा वाटतो."

टिपणीसला! माझा! हे वाक्य ऐकण्यासाठी मी तीन वर्षं जळलो होतो, आणि आता ते घेऊन कुठे जावं तेच कळेना. खांद्यावर हात ठेवावा तर मध्ये कुंपण, आणि माझाच नियम. "बघू, होईल," असं काहीतरी पुटपुटलो, पेशंटला म्हणतो तसं, आणि आत आलो.

आत येऊन मी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. बाहेर कडाक्याची थंडी होती.

"आमटीत मीठ घातलंयस की नाही?" मी खणखणीत आवाजात विचारलं.

"तू अजून चाखलीसुद्धा नाहीस!"

"चाखायला कशाला हवी? रंगावरून कळतं."

वृंदाने पळी खाली ठेवली. पुढे जे सुरू झालं त्याची तिला तयारी करावी लागली नाही. मी टूवूंबाहून तुरीऐवजी आणलेली हरभऱ्याची डाळ निघाली, माझी आई निघाली, माझ्या आत्याने लग्नात दिलेली साडी निघाली. मीही मागे हटलो नाही. एरवी मी भांडताना खिडकीकडे पाठ करतो, त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून भांडत होतो.

एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "वहिनी, डॉक्टरांचं चुकतंय! मीठ रंगावरून कळत नाही!"

माझ्याच घरातल्या भांडणात हा जिंकणार हे मला त्याच क्षणी कळलं. वृंदा पळीसकट खिडकीशी धावली.

"सांगा ना भावोजी याला! आणि जाऊ नका हं तुम्ही, अजून माझं संपलेलं नाही!"

"नाही जात, वहिनी," टिपणीस म्हणाला.