नानांची ट्रायल

धुळ्याचे दगडूनाना माणसाचं तोंड बघत नाहीत, खांदे बघतात. दारात कुणी उभं राहिलं की त्यांची नजर आधी डाव्या खांद्यावर जाते, मग उजव्या, आणि सवड उरली तर चेहऱ्यावर. एका लग्नात लोक स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या हातात पाकीट देत होते. नानांनी त्याच्या कोटाचा खांदा चाचपला आणि मुलीच्या बापासमोर शांतपणे सांगितलं, "भाड्याना शे." तेव्हापासून पत्रिका कमी येतात, हे नाना स्वतःच सांगतात, तेही अभिमानाने.

वडील धुळ्यात नोकरीला होते, तेव्हापासून आमच्या घरचे कपडे शिवायला नानांकडे; काजं-बटणं त्यांची बायको, आमची अक्का, करायची. मी आता जळगावात असतो आणि कॉलेजची पोरं घालतात तसे सैल टी-शर्ट, हूडी स्वतःच्या नावाने विकायचा उद्योग करतो. घरचे याला उद्योग म्हणत नाहीत, ते सोडा. पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. बाजारातले तयार टी-शर्ट दोन साइज मोठे आणले आणि छातीवर आमच्या अहिराणीत 'काय करी ऱ्हायना', म्हणजे 'काय करतोयस', असं छापलं. लोकांनी हौसेने मागवले आणि हौसेने परत पाठवले. असोद्याच्या एका गिऱ्हाइकाने लिहिलं, 'छपाई झकास, पण वडलांचा बनियन घातल्यासारखं वाटतं.' छपाई बघून माणूस एकदा फसतो, दुसऱ्यांदा यायचं तर कपडा अंगावर बसायला लागतो, एवढी अक्कल मला त्या दिवशी आली.

तो टी-शर्ट घेऊन मी नानांकडे गेलो. त्यांनी तो दोन बोटांत धरून उजेडात नेला.

"हाई सैल नही, ढगळ शे," म्हणाले. "सैलमा आंग मोकळं फिरस. ढगळमा आंग हरपस."

शिलाईची रेघ दंडावर उतरली तरी गळा जागचा हलता कामा नये, हे त्यांनी मला अर्धा तास समजावलं. खांदा बसना का बठ्ठं बसनं, म्हणजे सगळंच बसलं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते शर्टाबद्दल म्हणतात, जावयाबद्दल म्हणतात आणि सरकारबद्दलही म्हणतात.

ठरलं असं की नाना कागदाचा फर्मा कापणार, म्हणजे ज्यावरून पुढे कारखान्यात शेकड्याने टी-शर्ट कापले जातील तो नमुना. त्यावरून एक टी-शर्ट धावदोऱ्याने कच्चा टाचणार, आणि मी रविवारी येऊन ट्रायल द्यायची. जळगावहून पारोळ्यामार्गे धुळं म्हणजे बसमध्ये अडीच तास हाडं खिळखिळी. मी म्हटलं, "नाना, तुम्ही टाचून पाठवा, मी घालून फोटो पाठवतो."

"फोटोले घाम येस का?" नाना म्हणाले. विषय संपला.

त्यांची ट्रायल म्हणजे एक तमाशाच. हात वर कर. बस थांबव. खाली पडलेलं नाणं उचल. एकदा मला स्टुलावर दोन्हीकडे पाय टाकून बसवलं आणि म्हणाले, "गाडी चालाड." मी हवेत हँडल धरून बसलो. "आते खड्डा उना." मी उडालो. समोरच्या गॅलरीतल्या बाई भाजी निवडायची थांबल्या. नानांनी मात्र गंभीरपणे खडूची खूण केली आणि निकाल दिला, "खांदा दोन सूत उतरावना पडी." दोन सूत म्हणजे पाव इंच. म्हणजे नवा फर्मा आणि पुढचा रविवार.

पुढच्या रविवारी तो खांदा दोन सूत चढवायचा निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी बाही. पहिल्या ट्रायलला चहा मिळाला होता, तिसरीला कळण्याची भाकरी आणि ठेचा, पाचवीला शेवभाजी. माल गणपतीत काढायचा होता, दिवाळी तोंडावर आली. कारखानेवाला फोनवर आता नुसता हसायचा. यंदाचा हंगाम गेला तर घरच्यांचंच खरं होणार होतं.

सहाव्या रविवारी नाना आत चहा टाकत होते. खिळ्याला सगळे फर्मे अडकवलेले दिसले. मी ते काढून एकेक खिडकीच्या काचेला लावत बसलो. पहिल्यावर सहावा ठेवला तर रेघेवर रेघ. खांदा, गळा, बाही, कुठे केसाचा फरक नव्हता.

नाना कप घेऊन आले आणि जागीच थांबले.

"नाना, पहिला आणि सहावा एकच आहे."

त्यांनी कप खाली ठेवले. "पहिलाच बरोबर व्हता."

"मग एवढे रविवार मला कशाला नाचवलं?"

"बरोबर शे असं सांगतू, ते तू फर्मा लई जाता. मंग कसाले येता?"

मी फर्मे काचेवरून खाली घेतले. नाना खडूकडे बघत म्हणाले, "दुकान व्हतं तवय मानूस तीन खेपा ये. एक मापले, एक ट्रायलले, एक कपडा लेवाले. आते एक खेप बी कोनी येत नही. पोरगी सुरतले. तुनी अक्का गयी. तू टाचेल कपडा घाली उभा ऱ्हास, तवय घरमा कोनी शे असं वाटस."

मला राग आला होता आणि तो काही गेला नाही. हंगाम माझा बुडत होता. पण मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं की मी प्रत्येक वेळी घड्याळ बघत जेवलो होतो.

नानांनी पहिला फर्मा गुंडाळला, दोऱ्याने बांधला आणि माझ्या हातात दिला. "जाय. कारखानाले धाड." मग पाठ करून मशीन पुसायला लागले. मशीन स्वच्छच होतं.

मी फर्मा काखेत मारून दारापर्यंत गेलो, चपला घातल्या.

"नाना, हूडी व्हायचीय अजून."

फडकं थांबलं. "हूडीले टोपी ऱ्हास," नाना वळून न बघता म्हणाले. "टोपी अवघड. चार ट्रायल लागतीन."

मी म्हटलं, "सहा धरा," आणि चपला काढून परत आत गेलो.