हरलेल्यांनी अवश्य यावे

'खानझोडे रिअल्टी कप' आठवडाभर डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीला खेटून उभा होता. अमेरिकेत अ‍ॅशबर्नमध्ये घरं विकण्यात नाव काढलेल्या त्र्यंबकराव खानझोड्यांनी यंदा बायकांची रग्बी लीग स्पर्धा स्पॉन्सर केली होती, ती केवळ लेकीसाठी. अबोली अ‍ॅशबर्नच्या टीमची कॅप्टन. तीन वर्षं तिची टीम फायनलमध्ये हरत आली होती आणि पुढच्या महिन्यात तिची सिअ‍ॅटलला बदली होणार होती. म्हणजे कप उचलायचा तर यंदाच.

"बाबा, रूल एकच आहे," तिने बजावलं होतं. "नॉकआउट. हरलं की आउट. फिनिश."

"अगं, पण चार-चार तास ड्राइव्ह करून येणार बिचाऱ्या!"

"सो?"

हा 'सो' त्र्यंबकरावांच्या पचनी पडेना. नागपूरला त्यांच्या आईने दारी आलेल्या माणसाला 'पुन्हा या' म्हटल्याशिवाय कधी पायरी उतरू दिली नव्हती. वसुलीला आलेल्या माणसालासुद्धा नाही.

पहिल्या शनिवारी चार सामने झाले. अबोलीच्या टीमने बाल्टिमोरचा धुव्वा उडवला. त्र्यंबकराव स्पॉन्सरचा बिल्ला लावून हरलेल्यांना निरोप द्यायला गेले. बाल्टिमोरची कॅप्टन ब्रेंडा बुटातला चिखल काढत होती.

"थँक यू, सर. आमचा सीझन संपला."

"संपला कसा? नेक्स्ट सॅटरडे यू मस्ट कम!"

"पण आम्ही हरलोय."

"सो व्हॉट?"

"आर यू शुअर?"

पाहुणा आढेवेढे घेतो तो आणखी आग्रह व्हावा म्हणूनच, हे त्र्यंबकराव चांगलं जाणून होते. त्यांनी आवाज चढवला. "हंड्रेड पर्सेंट! आला नाहीत तर मला वाईट वाटेल. आय अ‍ॅम द स्पॉन्सर!"

ब्रेंडाचे डोळे भरून आले. त्र्यंबकरावांना वाटलं, अमेरिकन माणसालाही अगत्य कळतं. मग हाच आग्रह त्यांनी उरलेल्या तिन्ही हरलेल्या टीमना केला आणि मोठ्या समाधानाने घरी येऊन झोपले.

दुसऱ्या शनिवारी सेमीफायनलसाठी चार टीम यायच्या होत्या. आठ आल्या. स्पर्धेचे सेक्रेटरी डग हातातल्या कागदाकडे आणि मैदानाकडे आळीपाळीने बघत राहिले.

"आम्हाला स्पॉन्सरने स्वतः परत बोलावलंय," ब्रेंडा म्हणाली. "तीनदा."

डगनी त्र्यंबकरावांना बाजूला घेतलं. "तुम्ही बोलावलंत, तुम्हीच सांगा त्यांना नाही म्हणून."

त्र्यंबकराव छाती काढून गेले. समोर बावन्न बायका आशेने बघत होत्या. त्यांना तोंडावर नाही म्हणायचं? त्र्यंबकराव म्हणाले, "लेट अस सी. बघू, काहीतरी करू."

नागपूरच्या माणसाने या उत्तरावर मुकाट्याने घरचा रस्ता धरला असता. या बायकांनी बूट बांधायला घेतले.

शेवटी डगनी तोडगा काढला. हरलेल्या प्रत्येक टीमने, जिच्याकडून हरली तिच्याशीच वीस मिनिटं खेळायचं. जिंकेल ती सेमीफायनलला. तीन टीम पुन्हा हरल्या. बाल्टिमोर मात्र आठवडाभर घाम गाळून आली होती. तिने अ‍ॅशबर्नला दोन पॉइंटने हरवलं आणि दुपारची सेमीफायनलही खिशात घातली.

घरी येताना गाडीत त्र्यंबकरावांना रडू येत होतं. लेकीच्या हातातला कप त्यांनी स्वतः काढून दुसऱ्याला दिला होता, आणि तोही आग्रह करकरून.

अबोली गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून स्वयंपाकघरात बसली. लतिकाबाईंनी पोळ्या लाटता लाटता नवऱ्याकडे पाहिलं. "भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. अख्ख्या गावाला या या करत सुटता."

"आई, थांब जरा." अबोलीने बापाकडे मान वळवली. "बाबा, लॉजिकली बघा. बाल्टिमोर एकदा हरली, आम्हीपण एकदाच हरलो. त्यांना सेकंड चान्स मिळाला. मग आम्हाला का नाही? बोलवा ना आम्हालापण शनिवारी."

मुद्दा बिनतोड होता. शिवाय मागणारी पोटची पोर, गुडघा सुजलेली. त्र्यंबकरावांच्या जिभेवर 'या की' आलंसुद्धा. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांसमोर आठही टीम बूट बांधू लागल्या.

"नाही," ते म्हणाले.

लतिकाबाईंचं लाटणं थांबलं. एकतीस वर्षांच्या संसारात हा शब्द या घरात त्यांच्याशिवाय कुणी उच्चारला नव्हता.

"काय म्हणालात?" अबोलीने विचारलं.

"नाही म्हणालो. हरलात की आउट. तुला हो म्हटलं, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

अबोलीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. "बाबा, यू डिड इट! पण हेच एक आठवडा आधी म्हणाला असतात, तर आज मी फायनलला असते, यार."

"चुकलं माझं," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांनी तिच्या गुडघ्यावरची वितळलेली पिशवी काढून फ्रीझरमधली नवी ठेवली. जीभ हलकी झाल्यासारखी वाटत होती. साठाव्या वर्षी एक नवी विद्या हाती लागली होती आणि ती कुठे कुठे वापरावी असं त्यांना झालं होतं.

अबोलीने डोळे पुसले. "ओके. खेळत नाही. पण फायनल बघायला तरी येऊ ना मी?"

"नाही!" त्र्यंबकराव म्हणाले.