सर्वांत वरचा थर

एका जंगलात, बाळांनो, एक डोह होता. डोहाला लागून एक उंच कडा होता, आणि त्या कड्यात थरावर थर होते. हे थर कसे होतात, ते आधी ऐका.

नदी गाळ आणते आणि तळाशी टाकते. त्यावर पुन्हा गाळ टाकते. वरच्याच्या ओझ्याने खालचा दबतो, पाण्यातला चुना कणाला कण चिकटवतो, आणि लाखो वर्षांनी त्याचा दगड होतो. म्हणजे तळाचा थर सर्वांत जुना. इतकं सोपं आहे, म्हणूनच मोठ्या लोकांना ते कळत नाही.

कोल्हेशास्त्रींना मात्र ते पक्कं ठाऊक होतं. ते दरबारचे पंडित. वाघमहाराजांच्या मागोमाग पाणी प्यायचा मान त्यांचा होता.

एका उन्हाळ्यात डोह आटत आला. जेमतेम दोघांपुरतं पाणी उरलं. महाराजांनी दवंडी पिटवली, "ज्याच्या घराण्याची खूण सर्वांत जुन्या थरात सापडेल, त्याने आधी प्यावं. त्याच्यामागून त्याच्या पंडिताने."

शास्त्रीबुवा लगबगीने कड्यापाशी गेले. तळाच्या थरात शंखच शंख. त्यावर माशाचा सांगाडा. त्यावर जुन्या लाटांच्या वळ्या, जशाच्या तशा दगड झालेल्या. वाघाची मात्र मिशीसुद्धा नाही! बुवांनी तळापासून पुन्हा एकदा शोधलं.

"अहो शास्त्रीबुवा," एक गोगलगाय हळूच म्हणाली, "तळाशी तर आमच्या पणज्या दिसतायत. मग आधी मी ना? मला आपलं थेंबभर पुरे."

"प्रश्न थेंबाचा नाही, बाई, तत्त्वाचा आहे," म्हणत बुवा दरबाराकडे पळाले.

"महाराज, दरबारात ज्येष्ठ कुठे बसतात?"

"वर."

"आणि पायाशी?"

"कालची पोरं."

"मग कड्याची रीत वेगळी कशी असेल? सर्वांत वरचा थर सर्वांत जुना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोण टाळ्या वाजवत नाही, ते महाराज बघत होते.

"वरच्या थरात माझा पंजा आहे ना?" महाराजांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. भूक लागली की त्यांचा आवाज मऊ होई.

"संशोधन चालू आहे, महाराज."

दुपारी कड्याच्या माथ्यावर डोहातला चिखल थापला गेला. महाराजांनी त्यात पंजा उमटवला. सुरेख उमटला. पण चिखल तो चिखलच. विद्वान बुवांना आठवलं, दगड व्हायला वरून वजन लागतं. त्यांनी हत्तीला बोलावलं.

"गजराव, जरा टेका इथे. देशकार्य आहे."

गजराव टेकले. चिखल कडक होईपर्यंत टेकून राहिले.

दुसऱ्या दिवशी पुरावा बघायला सगळं जंगल जमलं. गजराव उठले. चिखल छान वाळला होता, कडेने भेगाही पडल्या होत्या. पंजा मात्र कुठेच नव्हता. मधोमध एक प्रशस्त, गोल खड्डा होता आणि त्यात शेपटीचा ठसा.

"सर्वांत वरचा थर," माकड मोठ्यांदा म्हणालं, "म्हणजे सर्वांत जुनं घराणं गजरावांच्या बुडाचं!"

महाराजांनी गजरावांकडे नीट पाहिलं आणि कायद्याचा मान राखायचं ठरवलं.

"मी पंडित ठेवलेला नाही," गजराव संकोचून म्हणाले. "मी एकटाच पितो." त्यांनी सोंड लावली. डोह संपला.

तळाचा गाळ तडकला. गोगलगाय एका भेगेत शिरली आणि शंखाचं दार लावून झोपली. शास्त्रीबुवा भेगांतला उरलासुरला ओला चिखल चाटत बसले. मागून कोणीतरी अगदी मऊ आवाजात हाक मारली, "शास्त्रीबुवा..."

पुढे नदीला पाणी आलं. गोगलगायीने दार उघडलं, समोरच्या कोल्ह्याच्या कवटीवरून सावकाश सरकली आणि थेंबभर पाणी प्याली. मग कवटीवर गाळ बसला, त्यावर आणखी बसला. आता ती बरीच खाली गेली आहे. म्हणजे शास्त्रीबुवाही हळूहळू जुन्या घराण्यात जमा होत आहेत.

तात्पर्य : इतिहास खुशाल दडपावा. फक्त दडपायला बसवलेला आपल्यापेक्षा जड नसावा.