पॅड, कीबोर्ड आणि कावळा

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही, ही पेणमध्ये नवलाची बाब नाही. त्यासाठीची कार्यपद्धती ठरलेली आहे. नातलगांनी हात जोडून आश्वासनं द्यायची. गेलेल्याची राहून गेलेली इच्छा त्यांत निघाली, की कावळा पुढे येतो आणि लोक चहाला मोकळे होतात. माझ्या वडिलांच्या बाबतीत कावळा आला, पिंडापासून हातभर लांब बसला आणि तिथेच थांबला.

सखाकाकांनी सूत्रं हाती घेतली. ते बाबांचे धाकटे भाऊ, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. "आश्वासनं ज्येष्ठतेनुसार होतील," त्यांनी घाटावर जाहीर केलं. "मधे कुणी घुसू नका."

पहिलं आश्वासन त्यांचंच होतं. "दादा, वरशाला तुझी जी मोकळी जागा आहे, तिची काळजी नको. ती मी बघतो."

कावळ्यानं दगडावर चोच पुसली.

मग त्यांचा मुलगा मिथुन पुढे झाला. विधी त्याच्याच हातून चालले होते. "काका, तुमची मोटरसायकल पडून गंजू नाय देणार. मी वापरीन."

कावळ्यानं पाठ फिरवली.

"नमूचं लग्न मी जमवतो," मागून एक दूरचे मामा म्हणाले. "माझ्या साडूचा मुलगा हाय. स्वभावानं गरीब."

कावळा उडून फांदीवर जाऊन बसला. या मुद्द्यावर त्याचं आणि माझं, म्हणजे नमूचं, एकमत होतं.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून टेकवण्याचा पर्याय सुचवला. शास्त्रात तशी सोय आहे. पण पुतळीआत्या, बाबांची थोरली बहीण, भडकली. "गवताच्या कावल्यानं माझा भाऊस सुटंल व्हय? बदलीवरचा माणूस लावताव काय, गुरुजी?"

मला एवढंच हवं होतं, की त्यानं शिवावं. माझा या गोष्टींवर विश्वास आहे का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्या सकाळी उत्तर देता आलं नसतं.

शेवटी मिथुननंच खाली मान घालून गौप्यस्फोट केला. "काकांचा जीव गेममधे अडकला असंल."

ही गोष्ट घरानं फार कष्टानं लपवली होती. नाक्यावर लावलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावर बाबांच्या नावापुढे 'अध्यात्माची आवड' असं छापलं होतं. वस्तुस्थिती अशी, की निवृत्तीनंतर बाबा संगणकावर लढाईचा खेळ खेळत. रोह्याला कंपनीत त्यांच्याच शिफ्टला असलेले सुलेमानचाचा हे त्यांचे मित्र आणि एकमेव शत्रू. चाचा हातात धरायच्या गेमपॅडवर खेळत. तो त्यांच्या मुलानं, हाशिमनं, मस्कतहून आणला होता. बाबांना कीबोर्ड-माऊसशिवाय हात चालत नसे. स्वतःचा कीबोर्ड पिशवीत घालून ते रोह्याच्या गाडीत बसत. एकदा पिशवी गाडीत विसरून उतरले, तेव्हा जितेचे स्टेशनमास्तर तिला बॉम्ब समजले होते.

दोघांचा वाद जुना होता. "पॅड स्वतःच नेम धरायला मदत करतो," बाबा म्हणत. "ज्याला नेमाला मदत लागते तो कसला सैनिक?" त्यावर चाचा म्हणत, "नि ज्याला लढाईत टेबलखुर्ची लागते तो?"

"मग आणा तो कीबोर्ड," आत्यानं निकाल दिला. "माऊसपन आणा. भाऊस अर्ध्या सामानानं कदी कामाला बसला नाय."

मिथुन गंजू न देण्याच्या मोटरसायकलवरून घरी गेला आणि दोन्ही वस्तू घेऊन आला. गुरुजींनी विचार करून सांगितलं, की शास्त्रात कीबोर्डचा उल्लेख नाही, सबब निषेधही नाही. पिंडाच्या उजव्या हाताला कीबोर्ड ठेवला, त्यावर फूल वाहिलं, माऊसला हळदकुंकू लावलं. कावळा खाली आला, कीबोर्डभोवती एक फेरी मारून पुन्हा फांदीवर गेला.

"कीबोर्ड फेटाळला," काकांनी नोंद घेतली. नोंद तोंडीच होती, पण ती ऐकून दोघांनी खिशातून पेन काढलं.

चाचा इतका वेळ पिंपळाखाली मागे उभे होते. त्यांच्या झब्ब्याच्या खिशातून पॅड डोकावत होता. तो का आणला, हे त्यांनी सांगितलं नाही. काकांनी मागितला, तेव्हा त्यांनी आधी रुमालानं पुसला. पॅड पिंडाच्या डाव्या हाताला ठेवला, आणि कावळा चक्क दोन उड्या मारून त्याच्या दिशेनं सरकला.

घाटावर जल्लोष झाला. मिथुनच्या मित्रांनी पॅडचा विजय घोषित केला. ज्यांनी आयुष्यात यांपैकी एकालाही हात लावला नव्हता, त्यांनाही आपलं मत पूर्वीपासून पक्कं असल्याचं आठवलं. तेवढ्यात साडूवाल्या मामांनी वाकून पॅडचा वास घेतला.

"हरकत! याला सुक्या बोंबलाचा वास येतोय. मतदाराला आमिष दाखवलंय."

"आमच्या घरात सगल्यालाच येतो," चाचा शांतपणे म्हणाले. "मलाबी येतो. नमूच्या बापासाला कदी चालला नाय असं झालं नाय."

काकांनी आचारसंहिता लागू केली. पॅड धुवावा, की कीबोर्डलाही बोंबील चोळून समान संधी द्यावी, यावर दोन गट पडले. मामांचं म्हणणं, स्थानिक कावळा नात्यागोत्यातला असतो. कोलाडहून तटस्थ मागवा. कोलाडचे कावळे ढाब्यांवर मिसळ खातात, ते साध्या भाताकडे बघणार नाहीत, असा मिथुनच्या गटाचा आक्षेप. भात सुकत चालला होता. कीबोर्डवाले नदीच्या बाजूला गेले, पॅडवाले रस्त्याच्या. पिंडापाशी मी, चाचा आणि आत्या उरलो.

मी चाचांना विचारलं, "बाबा शेवटी काय म्हणाले होते?"

ते म्हणाले, "बोलला, एकदा अदलाबदल करून खेलू. मी पॅड घेतो, तू बटनं घे. मी म्हटलं, हरतोस म्हनून सांगतोस." ते कीबोर्डकडे बघत राहिले. "रागावून गाडीला गेला. मी म्हटलं, येईल. पुढच्या हप्त्यात येईल."

"मग आता बस ना रं बाबा," आत्या म्हणाली. "घे मांडीवर. गो नमू, तू पॅड धर. बापासाचा हात तुजाच."

मी पॅड उचलला. चाचा पायरीवर मांडी घालून बसले, कीबोर्ड मांडीवर घेतला, माऊस दगडावर ठेवला. पडदा नव्हता, संगणक नव्हता, कुठलीही वायर कशालाही जोडलेली नव्हती.

"चालू?" मी म्हटलं.

"चालू. तू भिंतीमागे हाईस."

"मी छपरावर आहे."

"छपरावर? तुज्या बापासारकीच गो तू!" चाचांची बोटं भराभर चालू लागली. "कुठलं बटन दाबल्यावर पलतो याच्यात?"

दोन्ही गट धावत आले. आधी हसू आवरेना, मग सूचना सुरू झाल्या. "चाचा, डावीकडे बघा!" "नमू, गोळ्या संपल्या, भर!" गुरुजीसुद्धा सोवळं सावरत म्हणाले, "दाराआड कुणीतरी आहे." सगळ्या माना त्या नसलेल्या दाराकडे वळल्या. मी अंगठा दाबला.

"मेलो!" चाचा ओरडले, आणि त्यांनी जीभ चावली.

मग आत्या फिसकन हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. माझंही तेच झालं. वळून बघितलं, तर पिंड अर्धा खाल्लेला होता आणि फांदी रिकामी होती.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण कावळा शिवताना कुणीच पाहिला नसल्यानं तो कोणत्या बाजूनं शिवला, हे अनिर्णित राहिलं. पॅडवाल्यांचा दावा, की पॅड जिंकला. कीबोर्डवाल्यांचा दावा, की कीबोर्डवाल्याची मुलगी जिंकली, म्हणून विजय कीबोर्डचा. काकांनी समिती नेमली. तिच्या बैठका वरशाच्या जागेवर होतात. त्यासाठी काकांनी तिथे शेड घातली आहे.

चाचा आणि मी आता आठवड्याला खेळतो. ते बाबांचा कीबोर्ड वापरतात, मी त्यांचा पॅड. त्याला अजून बोंबलाचा वास येतो.

भेटायला येणारे लोक खुर्चीत बसतात, पाणी घेतात, चेहरा पाडतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "मग काय ठरलं? पॅड की कीबोर्ड?" तुम्हीही इथवर तेवढंच शोधत आला असाल, तर तुम्हाला दोष देत नाही. आश्वासनं देणारे, आक्षेप घेणारे, साडूचा मुलगा आणि कोलाडचे कावळे या सगळ्यांची ओळख तुम्हाला झाली. गेलेल्या माणसाचं नाव काय होतं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

कमळाकर.