पाठीशी डोंगर, समोर पाणी

"इतिहासाशी ताळा जुळवला की मेलेला माणूससुद्धा आपला पत्ता देतो," बांग ग्यूचोल गाडी चालवता चालवता आत्याला पुन्हा ऐकवत होता. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाचं तोंड निवृत्त होत नाही, त्याला कोण काय करणार?

त्याच्या पणजोबांचं, म्हणजे आत्याच्या आजोबांचं, थडगं १९५०च्या कोरियन युद्धात हरवलं होतं. गाव उठून दक्षिणेला पळालं, आणि परतल्यावर वाट दाखवणारं कुणी उरलं नाही. तरुणपणी हेच पणजोबा बांबूचा भाला घेऊन शेतकऱ्यांच्या बंडात गेले होते. पुढे जपान्यांच्या रेल्वेने त्यांचं शेत गिळलं. बंड, रेल्वे, युद्ध असं एकेक नकाशावर मांडत ग्यूचोलने टेकडी पक्की केली होती. नेमकी जागा ठरवायला आत्याची आठवण होती: पाठीशी डोंगर, समोर पाणी, शेजारी पाईनचं झाड.

आत्याचे गुडघे आणि छाती, दोन्ही आता भरवशाची नव्हती. "आजोबांना एकदा तोंडावर सांगायचंय, मग मी मोकळी," एवढंच ती म्हणे. काय सांगायचंय ते विचारलं की विषय बदले.

टेकडीवर पाईनखाली मातीचा उंचवटा सापडला. चूसकचा, पितरांना पुजायचा सण तोंडावर आला होता, गवत कमरेएवढं. ग्यूचोलने गवत कापायचं यंत्र चालवून ते असं भादरलं की न्हाव्यानेही शाबासकी द्यावी. मग चटई अंथरली, नाशपाती मांडली, तांदळाची दारू ओतली. आत्या कशीबशी गुडघ्यांवर टेकली आणि तिला एकदम रडू फुटलं.

"आजोबा, सगळी माणसं सारखी म्हणत बंडात गेलात ना तुम्ही? मग दादा शाळेत आणि मी चुलीपाशी, असं का केलंत?"

तेवढ्यात खालून एक म्हातारा तसंच यंत्र खांद्यावर टाकून धापा टाकत वर आला. त्याने आधी कापलेलं गवत पाहिलं, मग रडणारी आत्या.

"आमच्या आजीच्या थडग्यावर का रडताय, बाई?"

"आजी?" ग्यूचोल म्हणाला. "अहो, हे आमचे पणजोबा."

"मी प्यो. इथे आमची आजीच आहे, मी स्वतः खांदा दिलाय." बोलता बोलता म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "खरं सांगा, तिचं आधी कुठे लग्न झालं होतं का? तुम्ही त्या घरातले का?"

ग्यूचोलने घाईघाईने सगळा इतिहास सांगितला, शेवटी पाईनची खूणही. प्यो म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला.

"गुरुजी, पाठीशी डोंगर, समोर पाणी बघूनच तर सगळे जागा निवडतात. पाईन नसलेलं एक तरी थडगं दाखवा."

ग्यूचोलची कानशिलं तापली. मुलांना आयुष्यभर सांगितलेलं, पुरावा तपासून घ्या, ते नेमकं आत्याच्या आठवणीपुढे तो विसरला होता.

"चल आत्या," तो खाली मान घालून म्हणाला. "पुढच्या वर्षी खरं थडगं शोधतो. तिथे सगळं पुन्हा सांग."

आत्याने नाशपातीवरची माशी हाकलली आणि प्योंना विचारलं, "तुमची आजी शाळेत गेली होती का हो?"

"छे. तिला कोण पाठवतंय?"

"मग राहू दे, ग्यूचोल," आत्या म्हणाली. "आजोबांनी जिवंतपणी कधी ऐकलं होतं?"

आणि तिने प्योंच्या आजीच्या थडग्यावर आणखी एक पेला ओतला.