काळी मॉली बेपत्ता

चहाचा कप हातात घेऊन वीरेंद्रने फिश टँकमधले मासे मोजले. मग कप खाली ठेवून पुन्हा मोजले. काळी मॉली गायब होती.

मेली असती तर त्याला इतकं लागलं नसतं. मेलेला मासा वर तरंगतो, माणूस हळहळतो, पाणी बदलतो आणि दुसरा आणतो. इथे प्रेतच सापडत नव्हतं. आधी पिवळी गप्पी अशीच गेली होती, मग पांढरी मॉली.

वीरेंद्र जवाहरनगरच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होता. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा, त्यामुळे आपल्या घरातली चूक आपल्याला सापडत नाही हे त्याला सहनच होईना. त्याचे आजोबा अड्याळच्या तलावात जाळं टाकून पोट भरत. नातवाचा माशांशी संबंध मात्र काचेतून.

त्याने पाणी तपासलं. फिल्टर खोलला, तो परत जोडताना एक स्क्रू उरला. मांजर येतं म्हणून टँकवर काचेचं झाकण ठेवलं आणि झाकणावर दगडी खलबत्ता. मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर तिथे एकमताने एंजल माशाला खुनी ठरवण्यात आलं. बिचाऱ्या एंजलची रवानगी लोणच्याच्या बरणीत झाली. दुसऱ्या दिवशी केशरी मॉली गेली. एंजल बरणीतून बघत होता.

आता घरात संशय घ्यायला उरल्या सत्यभामाबाई.

सत्यभामाबाई म्हणजे अंजूची आई. अंजूला सातवा महिना लागला तशा त्या लेकीला बाळंतपणासाठी माहेरी, कोंढ्याला न्यायला आल्या होत्या. वीरेंद्रचं म्हणणं, दवाखाना इथे हाकेच्या अंतरावर आहे, जायचं नाही. सत्यभामाबाईंचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरीच. दोघंही इतकी आदबशीर की भांडण असं होतच नव्हतं. रोज सकाळी सासूबाई अंजूची भरलेली बॅग दाराशी आणून ठेवत आणि रोज जावई ती परत कपाटावर चढवून कामावर जाई. त्या जायचं नाव घेत नव्हत्या आणि हा पाठवायचं.

आणि मासे जायला लागले ते नेमके त्या आल्यापासून. शिवाय पहिल्याच दिवशी टँकसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, "एवढ्याशा मासोळ्या? आमच्या बोडीत जाळ्यात आल्या तं आमी सोडून देतो. यायचा रस्सा बी नाही होत." बोडी म्हणजे त्यांच्या गावचं तळं, आणि सोडून देतो म्हणताना त्यांचा आवाज जरा खेदाचा होता, असं वीरेंद्रला आता आठवायला लागलं.

त्या दिवशी जेवायला झिंग्यांची भाजी होती. वीरेंद्र चमच्याने एकेक झिंगा उलटापालटा करून बघू लागला.

"काय शोधून राहिले जवाईबापू? झिंग्यात काटे नसतेत," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"नाही, काही नाही. भाजी चांगली झाली."

"मंग खा ना. तपासून काय राहिले?"

हात धुतल्यावर त्याने अंजूला आत गाठलं. "अंजू, रागावू नको. पन आईंनी भाजीत..."

अंजू मागे वळली. तिचा चेहरा पाहून त्याला उरलेलं वाक्य गिळावंसं वाटलं, पण ते निम्मं बाहेर आलं होतं.

"माही माय मासोळ्या चोरते? तुमच्या? जिच्या घरी टोपलं टोपलं मासोळ्या येतेत ते?"

"तसं नाही म्हनत मी..."

"तसंच म्हनून राहिले. उद्या संध्याकाळपर्यंत चोर दाखवा. नाही तं बॅग दाराशीच हाये. कोंढ्याले जातो मी, अन् बारसं झाल्यावरच फोन करा."

वीरेंद्रला रात्री नीट झोप लागली नाही. माशांचं जाऊ द्या, बायको जाणार होती, आणि तीही सासूबाईंच्या बाजूने निकाल लावून.

सकाळी त्याने टँकभोवतीच्या फरशीवर कॅरमची पावडर पसरली आणि डबा घेऊन कामावर गेला. दुपारच्या सुट्टीत स्कूटर पिटाळत घरी आला. टँकवरचं झाकण उघडं होतं. खलबत्ता स्वयंपाकघरात लसणाने माखून पडला होता. आणि फरशीवर अनवाणी पावलं उमटली होती, रुंद, बोटांत जोडव्यांचे ठसे. एकदा ती स्वयंपाकघरात जाऊन परत टँकशी आली होती. तिथून ती सरळ न्हाणीत गेली होती.

न्हाणीत पाण्याच्या ड्रममागे एक मोठा गंज, म्हणजे पातेलं, होता, वर ओलं लुगडं झाकलेलं. वीरेंद्रने लुगडं उचललं. आत काळी मॉली होती, पांढरी होती, पिवळी गप्पी होती, केशरीही होती. आणि त्यांच्याभोवती मोहरीच्या दाण्याएवढी पिलं सैरावैरा पळत होती.

"लुगडं टाका. उजेड लागते त्यायले," मागून सत्यभामाबाई म्हणाल्या.

"आई! हे काय आहे?"

"पोटुशी होत्या. एकीनं तिथंच पिलं देल्ले, तं बाकीच्यायनं माह्या डोळ्यादेखत गिळले. म्हनून यायले माहेरी आनलं."

"माहेरी?"

"मंग? बाळंतपनाले माहेरी नाही तं कुठं जाईन?"

"पन मले सांगायचं तरी!"

"काय सांगाचं? लेकीले पाठवत नाही तुमी, मासोळीले पाठवलं असतं?"

निदान एक तरी चूक काढावी म्हणून वीरेंद्र गंजात वाकला. "आई, ही केशरी मादी नाही. नर हाये. जास्त खाल्लं त्यानं, म्हनून पोट सुटलं."

सत्यभामाबाईंनी माशाच्या पोटाकडे पाहिलं. मग जावयाच्या पोटाकडे पाहिलं. "असन बापा," त्या समजूतदारपणे म्हणाल्या.

त्याला मनापासून लाज वाटली. पोटाची नव्हे, झिंग्यांची. त्याने जाऊन दाराजवळची बॅग स्वतःच उचलून आणली. "चुकलं माह्यं. घेऊन जा अंजूले. मी स्वतः सोडून देतो."

"कोनाले घेऊन जा?" न्हाणीच्या दारात अंजू उभी होती, दोन्ही हात कमरेवर. "रोज बॅग दाराशी, रोज बॅग कपाटावर. बॅगेले विचारलं असन तुमी. मले कोनी विचारलं?"

"मले कोंढ्याले नाही जायाचं. दवाखाना इथंच बरा. अन् मायबिगर इथं राहाचं बी नाही. माय इथंच राहीन."

"जवायाच्या घरी?" सत्यभामाबाई दचकल्या. "एवढे महिने? लोकं काय म्हनतीन पोरी?"

"न्हानीत मासोळीचं माहेर झालं, तं खोलीत माह्यं नाही होत?"

सत्यभामाबाईंनी घरी फोन लावला. "मी नाही येत आता," त्या म्हणाल्या. पलीकडून त्यांचे यजमान पुंडलिकराव म्हणाले, "बरं." ते इतकं पटकन म्हणाले की सत्यभामाबाई बराच वेळ फोनकडेच बघत राहिल्या.

सासूबाईंचा मुक्काम ठरला याचा वीरेंद्रला खरंच आनंद झाला. घरात पहिल्यांदाच कुणी कुणावर रुसलेलं नव्हतं. संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा न्हाणीतला गंज अंजूच्या खोलीत गेला होता. टँकमध्ये राहिले ते सगळे नर, असं सत्यभामाबाईंनी ठरवून टाकलं होतं. केशरीलाही परत त्यांच्यात सोडलं होतं.

वीरेंद्र खोलीत शिरायला गेला, तर सासूबाई दारातच होत्या. त्यांच्या हातात त्याची गादी होती, उशी होती आणि चादर होती.

"लेकीजवळ मी झोपतो आता," त्या मायेने म्हणाल्या. "तुमचं तिकडं टाकून देतो, जवाईबापू. मासोळ्यायच्या बाजूले. तुमाले बी सोबत, त्यायले बी."

गादी टँकला लागूनच पडली. वीरेंद्र तिच्यावर बसला आणि त्याने काचेत पाहिलं. केशरी मॉली काचेला तोंड लावून त्याच्याकडेच बघत होता. वीरेंद्र त्याला हलक्या आवाजात म्हणाला, "सरक जरा."