लवूच्या राक्षसाला कौल लावला त्याची गोष्ट

"कव्हर बघून माणसाची बोबडी वळली पाहिजे!" नंदकुमारने टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. हे कोणी म्हणावं? भिंतीवर पाल दिसली की शेजारच्या काकूंना हाक मारणाऱ्या माणसाने!

रंगीत टीव्ही नुकते घरात येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. बोरीवलीच्या या बँक कारकुनाने वर्षानुवर्षं खपून एक खेळ रचला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी योद्धे व्हायचं, फासे टाकायचे आणि गुहेतल्या राक्षसांशी लढायचं. नियमांचं पुस्तक तयार होतं. पण शाळेची गाइडं छापणारे शिवदासशेठ म्हणाले, "नियम कोण वाचतो? गुरुवारी संध्याकाळी कव्हरचं चित्र आणा. आवडलं तर छापतो, नाहीतर राम राम!" तेव्हापासून नंदकुमारचा जीव त्या गुरुवारात अडकला होता.

चित्राचं काम लवूकडे गेलं. हा त्याचा शाळेतला दोस्त, राहायला दहिसरच्या चाळीत. एरवी गोरेगावच्या स्टुडिओत पडदे रंगवायचा, श्रावणात गणपती.

"योद्धा छोटा काढ, पाठमोरा," नंदकुमारने समजावलं. "म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, तिथे मीच उभा आहे! समोर अर्धवट उघडं दार. दारात राक्षस. त्याने अजून काही केलेलं नाही, पण आता करणार! भीती त्यातच असते यार. आणि भीती वाटूनही आत जावंसं वाटलं पाहिजे."

"झकास! बघच तू, घाम फोडतो की नाही!" लवू म्हणाला.

गुरुवारी दुपारी नंदकुमार चित्र न्यायला गेला, तर चाळीच्या गॅलरीत अर्धी चाळ चिडीचूप उभी! उदबत्तीचा वास सुटलेला. लव्या गेला की काय? तो गर्दीतून आत घुसला. लवू जिवंत होता, कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. आणि समोर पाटावर, भिंतीला टेकून, राक्षस! कपाळाला कुंकू, वर झेंडूचा हार, पुढ्यात नारळ!

आणि ते डोळे! नंदकुमार डावीकडे सरकला, डोळेही सरकले. उजवीकडे सरकला, तिथेही हजर. तो मुकाट लवूच्या कोपऱ्यात सरकला.

"लव्या, हे काय?"

"सवय रे!" लवू कुजबुजला. "गणपतीचे डोळे शेवटी आखतो ना, आंघोळ करून, उदबत्ती लावून, तोंडातून शब्द न काढता. याचेही तसेच आखले. शेजाऱ्यांनी बघितलं. आता आई म्हणते, हा आमच्या गावचा राखणदार, पोरांच्या मागोमाग मुंबईला आला!"

"मग खरं सांग ना त्यांना!"

"तू सांग. मला तर डोळे आखल्यापासून त्याच्याकडे बघवत नाही."

नंदकुमारने कसाबसा चित्राकडे हात नेला.

"हात लावू नको!" लवूची आई शेवंती कडाडली. "कौल घेतल्याशिवाय देव हलवूचो नाय!"

तिने दोन पाकळ्या पाण्यात बुडवून राक्षसाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी. डावी पडली तर वाट लागली! मग गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्यो पोरगो तुका घेऊन जाऊक बघता!"

"होय म्हाराजा!" सगळी चाळ गरजली.

पाकळ्या काही पडेनात. चार वाजले, पाच वाजले. "देव रागावलो!" कोणीतरी म्हणालं आणि एक बाई रडायलाच लागली. नंदकुमारचा शर्ट घामाने पाठीला चिकटला.

"तैलरंग आहे," लवू त्याच्या कानाशी लागला. "अजून ओला आहे. दिवाळीपर्यंत पडायच्या नाहीत!"

"बोल ना मग!"

"एवढ्या माणसांत? मार खायचाय?"

तिकडे शिवदासशेठ सहाला दुकान बंद करत. नंदकुमारला राक्षसाची भीती वाटत होती, शेवंतीची त्याहून जास्त, पण पुस्तक आयुष्यभर ट्रंकेत पडून राहील याची सगळ्यांत जास्त. त्याने डोळे घट्ट मिटले. "बा म्हाराजा, पुस्तकावर बस आणि घरोघरी जा!" असं चिरक्या आवाजात ओरडून त्याने जमिनीवर साष्टांग अंग टाकलं. चाळीची फळ्यांची जमीन हादरली, पाट डुगडुगला, आणि उजव्या खांद्यावरची पाकळी घसरून टपकन नारळावर पडली.

"होय म्हाराजा!"

शिवदासशेठनी कुंकवासकट चित्र पाहिलं. तोंडातलं पान तसंच राहिलं. ते उठले आणि त्यांनी आधी चपला काढल्या.

"छापतो," ते हळूच म्हणाले. "याला नाही म्हणायची माझी हिंमत नाही."

पुस्तक हातोहात खपलं! नंदकुमारचे पाय जमिनीला लागेनात. दिवाळीनंतर तो लोक कसे खेळतात ते बघायला घरोघरी फिरला. एका घरी पुस्तक देव्हाऱ्यात होतं. दुसरीकडे दारावर टांगलेलं, कोणाची नजर लागू नये म्हणून.

"आतला खेळ कसा वाटला?" त्याने विचारलं.

"आतला? अहो, ते दार अर्धवट आहे तेच बरं आहे! उघडतो कोण?"

शेवटी एका रविवारी त्याने स्वतःच लवूला आणि शेजारच्या काकूंना बसवून खेळ मांडला. फासे पडले, पण पुढचा नियम आठवेना. नंदकुमारने पुस्तक उघडायला हात पुढे केला. समोर ते डोळे.

त्याने हळूच हात जोडले.

"राहू दे," तो म्हणाला, "आपण पत्तेच खेळू."